राखीची नळी काढली

सकाळी सात वाजता मदिहा सिस्टरने राखीची लघवीची नळी काढली आणि सांगितलं, "आता हिला आपली आपण लघवी झाली की सुट्टी."

तिच्या बापाला, शेषरावला वाटलं, एवढंच ना! अवघड काम तर परवाच उरकलं होतं. आठ वर्षांच्या राखीची लघवी उलटी किडनीकडे चढायची, सारखा ताप यायचा. डॉक्टरांनी रोबोटनं ऑपरेशन करू म्हटल्यावर अख्खं बीबी गाव धास्तावलं. "यंत्र बिघडलं तं?" पण रोबोट डॉक्टरांच्याच हातानं चालतो, हे शेषरावनं तीनदा विचारून घेतलं होतं. ऑपरेशन झकास झालं. पोटावर उरली चार बारीक भोकं.

आता मात्र दहा वाजले तरी काही होईना.

"पानी पी वं माय."

"मी एकटीच किती पिऊ?"

"हे पाय, मी बी पेतो." राखी घोट घ्यायची, शेषराव गिलास रिकामा करायचा.

तेवढ्यात त्याच्या बायकोनं, मंजुश्रीनं, काळजीपोटी गावाला फोन लावला, तोही स्पीकरवर. तिथंच चुकलं. सासू आशाबाई म्हणाल्या, "नळ सोडून ठेव." नळ सोडला. मग गावातल्या शेजारच्या कडूबानं आशाबाईंच्या हातून फोन हिसकावला, "शेषराव, बैल मुतत नसला तं आपन काय करतो बे? शीळ घाल!"

शेषरावनं डोळे मिटून लांबलचक शीळ घातली. राखी ढिम्म. पण पलीकडच्या दोन खाटांवरच्या पोरांनी गाद्या भिजवल्या. त्यांच्या आया उठल्या, आवाज चढले, मदिहा सिस्टर धावत आली.

"हा वॉर्ड आहे की गोठा?"

शेषराव मान खाली घालून ऐकत होता, पण पोटातलं पाणी ऐकेना. "सिस्टर, मले जाऊ द्या," म्हणत तो बाथरूमकडे पळाला. दार आतून बंद.

"कोन हाय आत? लवकर निघा!"

"मी हाय बाबा. तिथं सारे पाहून राह्यले होते, म्हून इथं आली."

आतून बारीकशी धार ऐकू आली. शेषरावच्या डोळ्यांत पाणीच आलं. पायाला पाय पिळत तो ओरडला, "झाली! माह्या पोरीले झाली!" अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवू लागला. भिजलेल्या गाद्यांच्या मालकिणीसुद्धा.

"बाबा, आखीन होऊन राह्यली."

"होऊ दे माय," शेषराव दात आवळून म्हणाला, "सावकाश होऊ दे."