अंबाजीमामांच्या हॉलमधला तडा

केसरमामींनी हॉलमध्ये पाऊल टाकलं, समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि हातातली पिशवी सोडून दिली. छतापासून सोफ्यापर्यंत बोटभर रुंद, वाकडातिकडा तडा गेला होता. कडांचे पोपडे सुटलेले, आत काळोख.

"अवो, धावा! घर फाटलं!"

त्यांचा भाचा प्रज्योत जिन्यातच थिजला. तो तडा त्यानेच रंगवला होता. मामा-मामी चार दिवसांसाठी लेकीकडे मुंबईला गेले, तेवढ्यात. हुबेहूब फोटोसारखी चित्रं काढणं हा त्याचा धंदा, आणि पुढच्या प्रदर्शनासाठी तड्याचा सराव म्हणून त्याला मामांची कोरी भिंत मोहात पाडून गेली होती. दोघं दोन दिवस आधीच परततील हे त्याला कुठे ठाऊक!

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण तेवढ्यात मामा आत आले. मामांनी वीस वर्षं ट्रक हाकला होता. तो हात गालावर पडला, तर माणूस बोर्लीतल्या या घरातून थेट म्हसळा गावापर्यंत घाटाची वळणं घेत जाईल. प्रज्योतने तोंड मिटलं.

दुपारी इंजिनिअर दत्तात्रेय साहेब आले. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, पट्टी लावली, डोळे मिटून भिंतीला कान लावला.

"जिवंत तडा आहे," ते म्हणाले. "खारी हवा. पेन्सिलीने टोकाला खूण करतो. खुणेच्या पुढे सरकला, तर मात्र खैर नाही."

दुसऱ्या दिवशी सगळे मागच्या पडवीत जेवत असताना प्रज्योत टर्पेंटाइनची चिंधी घेऊन हळूच हॉलमध्ये शिरला. तैलरंग अजून ओला होता. खालचं टोक पुसायला गेला, तर काळा डाग पसरला. डाग झाकायचा, तर तडा लांबवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लांबवला. अंगात कला असली की हात थांबत नाही म्हणतात, तसं काहीसं झालं. त्याने खाली एक सुरेख फाटाही काढला.

संध्याकाळी साहेबांनी खूण पाहिली आणि ते दोन पावलं मागे सरले. "तीन इंच! आणि पिल्लू घातलंय! भिंत उद्याच पाडा. तिच्यासोबत वरचा मजलाही खाली येईल, त्याला इलाज नाही."

मामा खुर्चीत बसले. या घराची एकेक वीट त्यांनी स्वतःच्या ट्रकने आणली होती, आणि पुढे तोच ट्रक विकून जेसीबी घेतला होता. "माझंच घर, न् माझाच जेसीबी," एवढंच ते म्हणाले.

सकाळी फ्रिज, देव्हारा आणि मामी अंगणात आले. जेसीबीने सोंड उचलली, तसा प्रज्योत हॉलमध्ये धावला आणि भिंतीसमोर उभा राहिला. सगळे त्याच्या मागोमाग आत आले.

"मामा, मारा मला! तडा खोटा हाय. मी काढलाय."

"आरं, डोकं फिरलं का भीतीनं? तू मासं काढतोस, आंबं काढतोस. तडा कोण काढंल?"

प्रज्योतने चिंधी भिजवली आणि वरून खालपर्यंत सपासप भिंत पुसली. तडा गेला. उरला फिकट राखाडी ओघळ. मामांचा उजवा हात वर आला, तेव्हा प्रज्योतने डोळे मिटले. पण हात साहेबांच्या खांद्यावर पडला.

"सायब, ह्ये काय झालं?"

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. भिंत पाडण्याचा लेखी अहवाल त्यांच्या खिशात होता. त्यांनी भिंतीला पुन्हा कान लावला.

"आत गेला," ते म्हणाले.

"आत?" मामी किंचाळल्या. "आता कुटं निघंल त्यो? देवघरात?"

"भायेर हुता तवा दिसत तरी हुता!" मामा ओरडले. त्यांनी प्रज्योतची कॉलर धरली. "भायेर काढ त्याला! आत्ताच्या आत्ता!"

प्रज्योतने तडा पुन्हा काढला. साहेब पट्टी धरून उभे होते. फाट्यासकट तडा जागेवर आला, तेव्हा मामींनी त्याला हात जोडले.

"आता रोज थोडा थोडा बारीक कर," मामांनी बजावलं. "एकदम पुसलास तर परत आत पळंल."

सात दिवस प्रज्योत तडा बारीक करत गेला. आठव्या दिवशी साहेबांनी भिंत बरी झाल्याचा दाखला दिला. जेसीबी परत कामावर गेला, फ्रिज आत आला. मामांनी भाच्याची पाठ थोपटली आणि ते बाजारभर सांगत सुटले, "आमचा प्रज्योत तडं बरं करतो."

नवव्या दिवशी खालच्या आळीतले रावजीआजोबा त्याला हाताला धरून घरी घेऊन गेले. त्यांच्या मागच्या भिंतीलाही तडा होता. प्रज्योतने सवयीने बोट लावलं. बोट आत गेलं. मग मनगट गेलं. पलीकडे बांधलेल्या म्हशीचा ओला श्वास त्याच्या तळव्याला लागला. वरून मूठभर माती त्याच्या डोक्यावर पडली. त्याच भिंतीला टेकून आजोबांचं सगळं घर पंगतीला बसलं होतं.

"आजोबा, भायेर पळा! सगळ्यांनी पळा! ह्यो खरा हाय!"

आजोबा बोळकं पसरून हसले.

"अंबाजी बोललाच व्हता, पोरगा गुणी हाय पन जरा घाबरट हाय." त्यांनी भिंतीला लागून एक पाट मांडला आणि त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "टेक निवांत. आदी जेव, मंग पूस."