दोन सेंटीमीटरची माणसं

"टेबलावर कुणी कोपर टेकू नका, आणि शिंक आली तर बाहेर जा," गार्डसाहेबांनी दारातच बजावलं. "झाडं हलकी आहेत."

तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढून निवृत्त झाल्यावर गार्डसाहेबांनी पुढच्या खोलीत छोटी रेल्वे मांडायला घेतली होती. नुसती गोल गोल फिरणारी खेळण्यातली नव्हे. आपली कॉलनी आणि तिच्या मागून जाणारा लोहमार्ग, सगळं बरोबर सत्त्याऐंशी पट लहान. रुळांखालची खडी म्हणजे तीनदा चाळलेली वाळू, माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा, आणि झाडं वाळक्या घोसाळ्याच्या जाळीची. त्या काळी असलं सामान विकत मिळत नसे, जे ते घरातच शोधावं लागे. चार वर्षांत मांडणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचली, जेवणाचं टेबल माळ्यावर गेलं, आणि दोघं नवराबायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं जेवू लागली. शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, "कॉलनीची तळमजल्यावरची रिकामी खोली मागून घ्या. नाहीतर रविवारी करवत मी धरते."

म्हणून आज समिती बघायला आली होती. सेक्रेटरी, डॉक्टर आणि व्यायामाचे सर. तिघांनी हो म्हटलं तर खोली, एकानं जरी नाही म्हटलं तर करवत.

गाडी सुटली. बोगद्यातून निघाली, पुलावरून खडखडत गेली. समिती हरखली.

"अहो, हा माझा जिना!" सेक्रेटरी ओरडले. "तुटकी पायरीसुद्धा आहे!"

"दुरुस्त करा म्हणून तीन अर्ज दिलेत," गार्डसाहेब अभिमानानं म्हणाले. "हे भिंग घ्या ना. खरी मजा बारकाव्यांत आहे."

सेक्रेटरींनी भिंग घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. जिन्यामागच्या कुंपणापाशी दोन सेंटीमीटरचा एक टकलू माणूस उभा होता. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. हातातली बादली तो पलीकडे रिकामी करत होता.

"काय आहे?" डॉक्टरांनी भिंग ओढून घेतलं. "हा पायजमा तर... अरे देवा! वर्षभर माझ्या गुलाबांत कांद्याची सालं टाकणारा तो तुम्ही? स्वच्छतेच्या नोटिसा लावता ना?"

"खत म्हणून हो..." सेक्रेटरी पुटपुटले. पण नजर त्यांची मांडणीवरच होती. एकदम त्यांनी भिंग परत हिसकावलं. "आणि पाण्याच्या टाकीमागे हे कोण? पांढरा कोट? तोंडातून धूर?"

"धूर कुठला, कापूस आहे तो," गार्डसाहेब भाबडेपणानं म्हणाले आणि स्वतःच दचकले. "टाकीमागे कापूस कसा आला?"

"परवा माझ्या हातातली सिगरेट काढून कचऱ्यात टाकलीत, डॉक्टर! फुप्फुसावर भाषण दिलंत!"

व्यायामाचे सर पोट धरून हसले. रोज पहाटे दहा फेऱ्या मारणाऱ्या माणसाला कसली भीती? हसता हसता त्यांनी भिंग घेतलं, सहज बेकरीकडे वळवलं, आणि हसू तिथंच थांबलं. बेकरीच्या मागच्या पायरीवर पळायचे बूट घातलेला एक गृहस्थ बसला होता. दोन्ही हातांत केक.



"गार्डसाहेब," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही आमच्यावर पाळत ठेवलीत?"

"मी?" गार्डसाहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. चार वर्षांची मेहनत त्यांना करवतीखाली दिसू लागली. "शप्पथ सांगतो, मी माणसांकडे बघतच नाही! मला सिग्नल विचारा, तारेचे खांब विचारा!"

"मग ही माणसं कुणी केली?"

"मी," स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या. "कॉलनी कशी ओसाड दिसत होती. ओट्याशी उभं राहून जेवते ना, समोरच खिडकी आहे. दिसलं तसं बसवलं. अजून बरीच बसवायची राहिलीत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"खोली द्यायला काही हरकत नाही," सेक्रेटरी घाईनं म्हणाले.

"आजच द्या," डॉक्टर म्हणाले.

"कुलूप मजबूत लावा," सर म्हणाले. "आणि काकू, आता तुम्ही टेबल खाली काढा. छान बसून जेवा. खिडकीकडे पाठ करून."

समिती गेल्यावर गार्डसाहेबांचा आनंद खोलीत मावेना. "बघितलंस? पुलावरचा चढ आवडला त्यांना!" म्हणत त्यांनी भिंग उचललं आणि चार वर्षांत पहिल्यांदा माणसं बघितली. फिरत फिरत ते स्वतःच्या घराशी आले. गच्चीवर एक म्हातारा रुळांकडे तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीमागे, दोन कप घेतलेली एक बाई.

"हा मी?"

"हो."

"आणि ही कधीची उभी आहे?"

"मोजलं नाही," काकू म्हणाल्या.

 गार्डसाहेबांनी चिमटा उचलला आणि बाईला हळूच म्हाताऱ्याच्या पुढ्यात आणू लागले.

"तिला हलवू नका," काकू म्हणाल्या. "तुम्ही वळा."

त्यांनी म्हाताऱ्याला धरून वळवलं. डिंक पक्का होता. कट्कन आवाज आला, म्हातारा चिमट्यात आला आणि पावलं गच्चीवरच राहिली.

"अगं, पाय मोडले माझे!"

"बरं झालं," काकू म्हणाल्या आणि खणातून काड्यापेटीच्या लाकडाची एक इवलीशी खुर्ची काढली. ती त्यांनी कधीची करून ठेवली होती. "आता बसा इकडे तोंड करून."