सगळ्यात जड फाइल

नवे कॉम्प्युटर घ्यायचे ठरले आणि साहेबांच्या अंगात परीक्षक संचारला. "जाहिरातीतल्या आकड्यांवर आपण भुलायचं नाही," त्यांनी सगळ्या ऑफिसला बजावलं. "आपलं सॉफ्टवेअर, आपलं ड्रॉइंग, आणि प्रत्येक मशीनवर तेच. जे भराभर उघडेल ते आपलं." कॉम्प्युटरवाल्यानं नमुन्याची तीन मशीनं आणून टेबलावर ओळीनं मांडली. तुलनेला म्हणून मिलिमीटरकाकांचं जुनं मशीनही शेजारी ओढून ठेवलं. त्याचा नंबर शेवटचा लागणार आणि ते भंगारात जाणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

मिलिमीटरकाका इमारतींचे नकाशे करणाऱ्या त्या ऑफिसातले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. नुसतं दार काढून ते थांबत नसत. बिजागरी कुठली, तिचे स्क्रू केवढे, हेही काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गिऱ्हाइकाला त्याचं काही सोयरसुतक नसे, पण काकांना सांगणार कोण?

"पेपर कुठला द्यायचा या मशीनना?" साहेबांनी विचारलं.

"सर्व्हरवरची सगळ्यात जड फाइल," इमारतींची रंगीत चित्रं करणारी थ्रीडीवाली म्हणाली आणि तिनं शोधलीसुद्धा. "अगंबाई! आपल्या हॉस्पिटलच्या ड्रॉइंगपेक्षाही जड आहे की ही! नाव नुसतं 'घर'."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

ते घर त्यांचंच होतं. म्हणजे कुठे उभं नव्हतं. जागा घेणं काही जमलं नाही. पण शनिवारी ऑफिस रिकामं असे तेव्हा काकू डबा घेऊन येत, जेवणं झाली की खुर्ची शेजारी ओढत आणि म्हणत, "हं, उघडा आपलं घर." मग, "अहो, इथे एक खुंटी हवी." "अहो, बरण्यांना फळी नको का?" काकू सांगत आणि काका काढत. बरणी काढली की झाकण आलं, झाकण आलं की त्याचे आटे आले. असं घर वाढत गेलं आणि एके दिवशी काकूच गेल्या. मागे राहिला काकांसाठी विणायला घेतलेला अर्धा स्वेटर, सुयांसकट. काकांनी तो समोर ठेवून टाका टाका मोजत मॉडेलमध्ये उतरवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. तेव्हापासून ती फाइल उघडायला जेवणाची अख्खी सुट्टी लागे. काका फाइलवर क्लिक करून डबा उघडत. भिंती येत, फळ्या येत, बरण्या येत आणि शेवटच्या घासाला स्वेटर येई. तो दिसला की काका हात धुऊन कामाला लागत. दिवसातली तेवढीच भेट होती ती.

"फाइल कुणाची आहे?" साहेबांनी विचारलं.

माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ऑफिसच्या मशीनवर घरचं काम, तेही इतकी वर्षं, आणि तेही असलं! "जुन्या क्लायंटची," काका म्हणाले. "एक बाई होत्या. फार बारीक लक्ष असायचं."

"मग बांधलं का नाही?"

"क्लायंट राहिल्या नाहीत."

"अरेरे," साहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळ सुरू केलं.

पहिल्या मशीनचा पंखा असा घरघरला की टेबलावरचे कागद उडाले, आणि मशीन बंद पडलं. दुसऱ्याचा पडदा पांढरा झाला तो झालाच. तिसरं सगळ्यात महागाचं. ते ऐटीत स्वयंपाकघरापर्यंत गेलं आणि तिथेच बसलं. जुनं मशीन मात्र कुणाकडे न बघता आपल्या चालीनं चाललं होतं. सगळे चहा पिऊन परत आले तेव्हा त्याच्यावर अख्खं घर उघडलेलं होतं.

"म्हणजे आपण सगळी जुनीच मशीनं घ्यायची का?" साहेबांनी विचारलं. कॉम्प्युटरवाल्याचा चेहरा पडला.

"साहेब, मशीनचा दोष नाही हो, फाइलमध्ये भलतं काहीतरी आहे. मी एकेक वस्तू काढून बघतो." त्यानं घर मोठ्या पडद्यावर लावलं. काका उठून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"या बरण्या काढू?"

"नको! काचेतून आरपार कसं दिसतं, ते तपासता येतं."

"चपलांचे दोन जोड?"

"सावलीसाठी."

"आणि कपबशीला टवका कशाला?"

"तो... तो मुद्दाम ठेवलाय," काका म्हणाले. कपबशी काकूंच्या हातून पडली होती.

"काका, तुम्ही क्लायंटची बाजू फारच घेता बुवा," थ्रीडीवाली हसली. तेवढ्यात कॉम्प्युटरवाला ओरडला, "सापडलं! अर्धवट विणलेला स्वेटर! साहेब, बाकीचं घर एकीकडे आणि हा एकटा एकीकडे. एकेक टाका काढलाय हो! कुणाला एवढा वेळ होता?"

सगळे हसले. काकांनी तोंड उघडलं, तेवढ्यात स्वेटर खुर्चीवरून नाहीसा झाला आणि तिन्ही मशीननी घर असं फटाफट उघडलं की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. महागडी मशीनं पसंत पडली. काकांनी जुनंच ठेवू द्या म्हणून गळ घातली, आणि साहेब खुशीत होते म्हणून हो म्हणाले. काकांचा जीव भांड्यात पडला. काढलाय तो टेस्टच्या कॉपीतून, आपलं घर आहे तसं आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांनी क्लिक केलं आणि डब्याचं झाकण काढायला घेतलं. झाकण हातातच राहिलं. घर उघडलेलं होतं. खिडकीजवळची खुर्ची मोकळी होती आणि अख्खी सुट्टी पुढे पडली होती.

त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"बघितलंत ना काका, तुमचं जुनं मशीनसुद्धा कसं पळायला लागलं! जड फाइल काढून सगळीकडे हलकी टाकली. बॅकअपमध्येसुद्धा. दोन-दोन फाइली असल्या की घोळ होतो."

"विचारायचं तरी..."

"कुणाला विचारणार? क्लायंटच नाहीत म्हणालात ना?"

काकांनी फोन ठेवला. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला. थ्रीडीवालीनं दोनदा विचारलं, "काका, बरं नाही का?" काकांनी मान हलवली, ती हो की नाही ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांच्या पिशवीतून डबा निघाला आणि त्याच्या खालून खराखुरा अर्धा स्वेटर निघाला. त्यांनी तो कीबोर्डशेजारी पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि टाके बघायला लागले. सुलट, सुलट, उलट. पहिला टाका पडद्यावर उमटला.

"काय हो हे?" थ्रीडीवाली जवळ आली. तिनं स्वेटरला हात लावला, पडद्यावर खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मग काकांकडे. हसायला उघडलेलं तिचं तोंड मिटलं. "काका... त्या क्लायंट..."

"हो," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तिनं आपला डबा आणला आणि काकांच्या पलीकडे बसून जेवली.

स्वेटर पुन्हा वाढायला लागला तसं मशीन रेंगाळायला लागलं. एक दिवस साहेब मागे येऊन थांबले आणि हळहळले. "काय हे काका, पुन्हा स्लो झालं की! आता कुठे पळायला लागलं होतं. बोलावू का त्याला?"

"नको हो साहेब," काका घाईघाईनं म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण काढलं. "आता कुठे सुधारतंय."