समजावून सांगितलेले केस

खाणीवर येणारा प्रत्येक माणूस हेल्मेट डोक्यावर घालतो. आमचा सुखदेवभाऊ ते डोक्याच्या दोन बोटं वर ठेवतो. आतल्या पट्ट्या त्याने अशा काही आवळून घेतल्या आहेत की हेल्मेट केसांना टेकतच नाही. सेफ्टीच्या साहेबांनी एकदा हटकलं, तर म्हणाला, "साहेब, मी कायदा मोडून नाई राह्यलो. हेल्मेट माह्यासाठी आहे, केसाईसाठी नाई." साहेबांनी पट्ट्या तपासल्या, त्या पक्क्या निघाल्या, आणि ते मान हलवत निघून गेले.

मी माजरीला खाणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहितो. सुखदेवभाऊ डंपर चालवतो. वय बावन्न, अंगाने काटकुळा. कोळशाच्या धुळीने दुपारपर्यंत आम्ही सगळे एकाच रंगाचे होतो. पण पाळी सुटल्यावर त्याने हेल्मेट काढलं की खाली केस सकाळी लावले होते तसेच, डावीकडून उजवीकडे वळलेले. ही सगळी हेअर वॅक्सची करामत. आमच्याकडे अर्ध्या माणसांचं आयुष्य खोबरेल तेलावर निघालं, आणि हा गडी वॅक्सच्या तीन डब्या बाळगतो. हिवाळ्याची घट्ट, पावसाळ्याची चिकट आणि उन्हाळ्याची हलकी, पाण्याने धुऊन निघणारी.

डबी विकत घ्यायला तो भद्रावतीला जातो. दुकानदार त्याला लांबून पाहूनच चहा सांगतो, कारण आता तासभर सुटका नाही हे त्याला माहीत असतं. भाऊ नमुन्याची डबी उघडणार, वास घेणार, बोटावर चोळणार आणि मग ते बोट उन्हात धरून उभा राहणार. पाच मिनिटांत वितळलं तर डबी नापास. "फोटूतला पोट्टा पाहून घेऊ नका," असं तो दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनाही सांगतो. "तो पोट्टा आपल्या चंदरपूरच्या उन्हात उभा राह्यला आहे का?"

आमचा उन्हाळा म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. क्वार्टरमध्ये ठेवली तर हलक्या डबीचं पाणी होतं, म्हणून भाऊने तिची सोय आमच्या ऑफिसातल्या माठाखालच्या ओल्या वाळूत केली. तिथून ती एकदा शिपायाच्या हाती लागली. त्याने भेगांचं मलम समजून टाचांना लावली. पुढे चार दिवस भाऊ शिपायाशी बोलताना त्याच्या टाचांकडेच बघत होता.

नव्याने भरती झालेली पोरं त्याची मुद्दाम खेचतात, "भाऊ, आमालेही शिकवा ना." ही थट्टा आहे हे त्याला एकतर कळत नाही किंवा कळलं तरी चालतं. तो मन लावून शिकवतो. वॅक्स मटराच्या दाण्याएवढंच घ्यायचं. तळहातावर गरम होईपर्यंत चोळायचं. लावायला मागून सुरुवात करायची, कारण समोरून सुरू करणारा माणूस घाईचा असतो. आणि शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य, "केसाईवर जबरदस्ती नाई कराची. समजावून सांगाचं."

मी एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, आठ तास हेल्मेटखाली असतात तुमचे केस. पाहतं कोण?"

"सुटीच्या दिवशी पुरी कॉलनी पाह्यते ना बाबू," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, या वयात हौस दांडगी आहे.

मग गेल्या मे महिन्यात एका दुपारी भाऊ आमच्या ऑफिसच्या दारातच चक्कर येऊन बसला. ऊन लागलं होतं. मी धावलो, हेल्मेट काढून फेकलं आणि माठातलं पाणी तांब्या-तांब्याने त्याच्या डोक्यावर ओतलं. तिसऱ्या तांब्याला वॅक्स धुऊन निघालं आणि केस आपल्या जागी पडले.

मी तांब्या हातात घेऊन बघतच राहिलो. उजव्या कानावर केस दोन बोटं लांब, डाव्या कानावर जवळजवळ नाहीतच. मागे पायऱ्या. माथ्याच्या जरा खाली तर रुपयाएवढी जागा साफ.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

त्याने आधी हेल्मेट शोधलं, डोक्यावर ओढलं आणि मग म्हणाला, "श्रावणभाऊनं. कोनाले सांगू नका बाबू, पाया पडतो."

श्रावणभाऊचं केस कापायचं दुकान रेल्वे फाटकाजवळ आहे. एक खुर्ची, एक आरसा. म्हातारा झाला आहे. समोर एसीचं सलून निघाल्यापासून आम्ही सगळे तिकडे जातो, मीही.

"दोन वर्सं झाले, त्याचा हात थरथरून राह्यला," सुखदेवभाऊ सांगू लागला. "दिसतेही कमी. त्याले वाटते, अजून झकास कापतो. आता लोकाईनं माहं डोस्कं असं पाह्यलं तर उरलेले चार गिऱ्हाइकंही जातीन. दुकान बंद झालं तर तो म्हातारा दिवसभर करन काय?"

म्हणजे तीन डब्या, भद्रावतीच्या फेऱ्या, तरंगणारं हेल्मेट, सगळं यासाठी. दोन वर्षं मी या माणसाला हौशी समजून हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

"अहो, पण तुमच्या डोक्याचं काय? कैची लागली म्हणजे?"

त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी तिकडे वडशाला सासरी. क्वार्टरमध्ये तो एकटाच राहतो.

"बाबू," तो म्हणाला, "पंधरा दिवसांतून एकडाव कोनीतरी डोक्यावरून हात फिरवते. थरथरते तर थरथरू दे."

पुढच्या रविवारी मी फाटकाजवळ गेलो. जाताना वाटेत सुखदेवभाऊ त्याच्या दारात भेटला. कुठे निघालो ते मी सांगितलं, तर तो घरात गेला आणि पाण्याने न निघणारी हिवाळ्याची घट्ट डबी आणून त्याने माझ्या खिशात घातली.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. श्रावणभाऊने खुर्ची दोनदा झटकली, माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. गाठ मारायला त्याला वेळ लागला. मग कैची उचलून आरशात माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "सुखदेवसारखे कापून देऊ ना? पुऱ्या माजरीत त्याच्यासारखे केस कोनाचे नाई."

"तसेच कापा," मी म्हणालो आणि डोळे मिटून घेतले.