एकशे बारा वर्षांची खुर्ची

माझ्या वडिलांचं वय सरकारी नोंदीनुसार परवापरवापर्यंत एकशे बारा वर्षं होतं. घरातल्या सगळ्यांच्या आठवणीनुसार ते अठ्ठ्याहत्तर भरतं. पण आठवणींना जावक क्रमांक नसतो, त्यामुळे कार्यालय त्या ग्राह्य धरत नाही. ही नोंद मी स्वतः केली आहे. मी आरोग्य पर्यटन संवर्धन मंडळात वरिष्ठ लिपिक आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे.

सहा वर्षांपूर्वी वरून आदेश आला की देशाचा यापुढचा मुख्य उद्योग आरोग्य हा राहील. आमच्या गावातला रंगाचा कारखाना तेव्हा नुकताच बंद पडला होता आणि विकण्यासारखं हवेशिवाय काही उरलं नव्हतं. नाही म्हणायला कारखान्यामागे गरम पाण्याचा एक झरा होता. कारखान्याचा बॉयलर थंडावला तसा तोही थंडावला, तेव्हा मंडळाने त्याला हीटर बसवून दिला. रुग्णालयाला संगमरवर लागला, दारात कारंजं आलं, आणि परदेशी पाहुणे गुडघे, दात आणि नाकं दुरुस्त करून घ्यायला बसगाड्या भरून येऊ लागले.

"पण इथं आलं की आयुष्य वाढतं, याला पुरावा काय?" संचालकसाहेबांनी विचारलं. "एखादा चांगला म्हातारा बघा."

काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून मी बाबांचं नाव सुचवलं. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. चाळीस वर्षं टायर उचलून निवृत्त झालेले, घरी बसून कंटाळलेले. प्रस्तावात मी त्यांचं खरं वय लिहिलं होतं, बहात्तर. साहेबांनी त्याभोवती हिरव्या शाईने गोल काढला.

"बहात्तरच्या माणसाला बघायला विमानाने कोण येणार? शेजारच्या देशाने एकशे एकचा बसवलाय."

"मग एकशे दोन करू?"

"तुम्ही अगदीच लिपिकासारखा विचार करता बुवा."

मी एकशे सहा लिहिलं. पुढे दरवर्षी एकाची वाढ नियमानुसार आपोआप लागत गेली. त्याच महिन्यात मला बढती मिळाली, हे ओघाने सांगतो.

बाबांना पांढरी दाढी वाढवायला सांगण्यात आलं. चौकात त्यांच्यासाठी एक उंच पाठीची लाकडी खुर्ची ठेवली. सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा त्यांनी डोक्यावर लोकरी टोपी घालून तिथे बसायचं, एवढंच काम. पाहुण्यांची बस थांबे. पाहुणे खाली उतरत, फोटो काढत आणि मंडळाच्या दुभाषीबाईंमार्फत प्रश्न विचारत. प्रश्न एकच असे : आजोबा, तुम्ही खाता काय? एका पाहुण्याने मात्र मला बाबांशेजारी बघून हिशोब मांडला, की हा मुलगा म्हाताऱ्याला साठाव्या वर्षी झाला असणार. त्या हंगामात झऱ्याच्या पाण्याला रांगा लागल्या.

दुखण्याला सुरुवात सहावं वर्ष सरताना झाली. जांघेजवळ लिंबाएवढी गाठ आली. बाबांनी ती गोष्ट सर्वांत आधी दुभाषीबाईंच्या कानावर घातली, कारण त्याच दिवसभर जवळ असत.

"बाई, पोटाखाली फार ओढतंय हो."

बाईंनी पाहुण्यांकडे वळून हसतमुखाने सांगितलं, "आजोबा म्हणतात, दीर्घायुष्याचं मूळ पोटात आहे. लक्ष तिथे असू द्या."

पुढच्या आठवड्यात रुग्णालयात पोटाकडे लक्ष देण्याचा वर्ग सुरू झाला. चाळीस पाहुणे हिरवळीवर उताणे पडून आपापल्या पोटाकडे बघत असत. बाबांना तेव्हा उताणं झोपता येत नव्हतं.

बायकोने मला धारेवर धरलं. "अहो, अख्ख्या जगाचे गुडघे इथे बसवले जातात आणि बाबांना एक डॉक्टर दाखवता येत नाही तुम्हाला?"

तिला मंडळाची शिस्त ठाऊक नव्हती. आमच्या गावाचा आजारपणाचा दर जाहिरातीत हजारी शून्य असा छापलेला आहे. त्या आकड्याशी विसंगती नको म्हणून गावकऱ्यांची औषधं बंद करण्यात आली. ज्याला आजारी पडायचं असेल त्याने हद्दीबाहेर जावं असं परिपत्रक आहे. तेही माझ्याच अक्षरात आहे. तरी ओळखीने मी बाबांना शल्यचिकित्सकांकडे मागच्या दाराने नेलं. डॉक्टर तरुण, दमलेले आणि सरळ स्वभावाचे होते.

"हर्निया आहे. महिन्याभरात ऑपरेशन व्हायला हवं. आतडं अडकलं तर मग मोजून काही तास मिळतील."

"मग करून टाका ना."

"अठ्ठ्याहत्तर असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. एकशे बारा वर्षांच्या माणसाला भूल दिली तर मी तुरुंगात जाईन."

"डॉक्टर, माणूस तुमच्यासमोर बसलाय. तुम्हाला दिसतंय ना?"

"मला दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "संगणकाला दिसत नाही. त्यात एकशे बारा टाकलं की शस्त्रक्रियेचं पानच उघडत नाही."

बाबा शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, "एकशे सहा लिहिताना निदान मधलं शून्य तरी विसरायचंस. सोळाचा झालो असतो."

मी हसलो नाही. मला खरंच भीती वाटली होती. मी रीतसर टिपण तयार केलं, की सदर नोंदीत लेखनिकाच्या हस्तदोषामुळे चौतीस वर्षांचा फरक पडला असून शुद्धिपत्रक काढण्यास मान्यता मिळावी. साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"शुद्धिपत्रक काढायचं? म्हणजे सहा वर्षं आपण पाहुण्यांना एका साध्या म्हाताऱ्याचे फोटो काढायला लावले, असं कबूल करायचं?"

"मग साहेब, त्यांचा राजीनामा तरी घ्या."

"कारण काय देणार? प्रकृती? या गावात? की वय झालं असं लिहू? आपल्याकडे वय होत नाही, हाच तर आपला माल आहे."

"आणि त्यांचं काही बरंवाईट झालं तर?"

साहेबांनी आरक्षणाची वही उघडून बघितली. "पुढचे दोन हंगाम तरी तसं काही करता येणार नाही," ते म्हणाले.

घरी बायकोने एवढंच म्हटलं, "तुम्ही लिहिलंत, आता तुम्हीच निस्तरा." त्या रात्री मी जेवलो नाही. माझं चांगलं अक्षर मला पहिल्यांदा नकोसं झालं होतं.

तीन दिवसांनी, भर अकरा वाजता, बाबा खुर्चीतच कळवळून दुमडले. कपाळ गुडघ्यांना टेकलं. समोर बावीस पाहुणे होते. त्यांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग बावीसच्या बावीस जण चौकातच खाली बसले आणि कपाळ गुडघ्यांना टेकवायचा प्रयत्न करू लागले. मी खिडकीतून हे बघितलं आणि परवानगी न घेता साहेबांच्या खोलीत शिरलो. मी काय बोललो ते मला आठवत नाही. शिपाई सांगतो की मी टेबलावर हात आपटला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त नियमात बसेल असा चांगुलपणा लागत असे. त्यांनी खणातून एक निळा प्लास्टिकचा मनगटपट्टा काढला. त्याच तुकडीतल्या एका पाहुण्याने आयत्या वेळी येणं रद्द केलं होतं. त्याच्या जागी बसमध्ये साहेबांचे मेहुणे फिरत होते, एवढंच. पॅकेज होतं 'हर्निया आणि हिरवळ, चौदा दिवस'. पट्ट्यावर रुग्णाचं वय छापलेलं होतं, अठ्ठ्याहत्तर.

"मेहुण्यांना मी घरी पाठवतो," साहेब म्हणाले. "तुमचे वडील परदेशी पाहुणे म्हणून आत्ता दाखल होतील. अटी दोन. आत आपल्या भाषेत एक शब्द बोलायचा नाही, आणि त्यांना भेटायला कुणी यायचं नाही. पाहुण्यांना इथे नातेवाईक नसतात."

"साहेब, तुमचे उपकार..."

"थांबा. खुर्ची रिकामी राहता कामा नये."

अशा रीतीने दाढी काढलेले बाबा रुग्णालयात गेले आणि दाढी लावलेला मी चौकात आलो. बायको गोंद लावताना माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "अगदी बाबांसारखे दिसता हो."

"मी बावन्नचा आहे."

"ते आरशाला सांगा."

माझा अंदाज होता की पहिल्याच दिवशी बिंग फुटणार. माझ्या बोटांना शाई होती, मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा होता. कुणाच्याही लक्षात आलं नाही. पाहुण्यांना म्हातारा बघायचा नव्हता, त्यांना म्हाताऱ्याबरोबर स्वतःला बघायचं होतं. मी काय खातो हे त्यांनी विचारलं आणि लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला खुर्चीतला खिळा कळला. पाठीच्या मधोमध, अर्धा इंच वर आलेला. टेकलं की टोचायचा. मी दुभाषीबाईंना हळूच म्हटलं, "बाई, इथे खिळा आहे."

"हो, तुमचे वडीलही म्हणायचे. त्यावर आपण 'ताठ बसा, दीर्घ जगा' ही पुस्तिका काढली."

सहा वर्षं. घर तर समोरच्याच गल्लीत, आणि माझ्या टेबलाच्या खणात पक्कड होती. मला माझी इतकी लाज वाटली की मी मुद्दाम त्या खिळ्यावर रेलून बसलो.

ऑपरेशन झालं की नाही, हेही मला कळत नव्हतं. रुग्णालयाच्या दारातला माणूस मला रोज एकच उत्तर देई, की पाहुण्यांची माहिती गावकऱ्यांना देता येत नाही. नवव्या दिवशी बस थांबली आणि पांढरा झगा घातलेले बावीस पाहुणे उतरले. त्यांच्यात चाकाच्या खुर्चीवर बाबा होते. दाढीविना लहान दिसत होते. चेहऱ्यावर रंग होता. दीर्घायुषी आजोबांची भेट त्यांच्या पॅकेजमध्येच समाविष्ट होती.

त्यांची पाळी आली. ते वाकले, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू, आपल्या भाषेत म्हणाले, "खिळा लागतोय का रे?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दाढीत गेलं. दुभाषीबाईंनी तत्परतेने सगळ्यांना सांगितलं, की एवढ्या कोवळ्या वयाचा पाहुणा बघून आजोबा हेलावले आहेत.

तेव्हा मला वाटलं, सुटलो. चौदाव्या दिवशी बाबा घरी येतील. पण पॅकेजमध्ये परतीचा प्रवासही होता, हे मी विसरलो होतो. बावीस आले तर बावीस गेले पाहिजेत, हा नियम विमानतळापर्यंत लागू असतो. चौदाव्या दिवशी दहाच्या ठोक्याला बस माझ्यासमोरून निघाली. तिसऱ्या खिडकीत बाबा होते. हातात निरोपाची भेटवस्तू होती, माझी खुर्चीत बसलेली, चौकट केलेली तसबीर. त्यांनी काचेवर तळहात टेकवला. ते कुठल्या देशात चाललेत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायचं तर आपल्या भाषेत बोलायला बंदी.

मी धावलो. एकशे बारा वर्षांचा माणूस टोपी उडवत, काठी टाकून बसमागे धावला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "बाबा! बाबा!"

बस थांबली. माझ्या ओरडण्याने नव्हे. पाहुण्यांना धावणारा म्हातारा टिपायचा होता म्हणून. एकवीस मोबाईल बाहेर आले. बाबा खाली उतरले आणि मी रस्त्यातच त्यांना मिठी मारली. दुभाषीबाईंनी आधी माझ्याकडे, मग बाबांकडे बघितलं. मग त्यांनी कर्णा तोंडाला लावला.

"पाहुणे हो, ही अत्यंत आनंदाची गोष्ट आहे. आजोबांचे वडीलही हयात आहेत."

असा टाळ्यांचा कडकडाट त्या चौकाने कधी ऐकला नव्हता. साहेब धापा टाकत आले. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी खिशातून हिरवं पेन काढलं.

"तुमच्या दोघांत अंतर किती?"

"सव्वीस वर्षं."

"मग एकशे अडतीस लिहा. खरं तेवढंच अंतर ठेवा. नोंदीत प्रामाणिकपणा हवा."

बावीस मोजल्याशिवाय चालक बस हलवेना. निरोपाला आलेल्या डॉक्टरांनी रस्त्यात पडलेला निळा मनगटपट्टा उचलला, क्षणभर बघितला, स्वतःच्या हातात चढवला आणि तिसऱ्या खिडकीत जाऊन बसले. नंतर त्यांचं एक पत्र आलं. तिकडे खूप बरं आहे, असं लिहिलं होतं. रुग्णालयातली त्यांची जागा अद्याप भरलेली नाही. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख करण्याची आवश्यकता मंडळाला वाटलेली नाही.

आता चौकात दोन खुर्च्या आहेत. दोन्हींतले खिळे मी पकडीने काढले आहेत. बाबा ठणठणीत आहेत, टोपी घालून बसतात, मधूनच मला दाढी सरळ करायला सांगतात. आमच्या दोघांमुळे आरक्षण दुप्पट झालं आहे.

गेले चार दिवस माझ्या छातीत डाव्या बाजूला कळ येते. काल तुमची बस आली तेव्हा मी ते दुभाषीबाईंना सांगितलं. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं मला माहीत नाही. पण तुम्ही मान डोलावलीत, डाव्या छातीवर हात ठेवून डोळे मिटलेत आणि वहीत काहीतरी टिपून घेतलंत. मग माझ्या खुर्चीला खेटून उभं राहत फोटो काढून घेतलात, आणि जाता जाता विचारलंत, की आजोबा, तुम्ही खाता काय?