इस्त्रीवर चालणारं इंजिन

बाळ तसं मूठभरच होतं, पण आवाजामुळे घरात सगळे तिला भोंगा म्हणत. भोंग्याला दात येत होते आणि अशा वेळी तिला झोपवायचा एकच उपाय लागू पडायचा: गाडीत ठेवायचं आणि इंजिन चालू करायचं. घरची जुनी गाडी उभ्या उभ्या अशी काही घुरघुरायची की भोंग्याच्या पापण्या जड व्हायच्या. आज नेमकी ती गॅरेजात होती.

दारात मात्र दुसरीच गाडी उभी होती. लाल, जमिनीला टेकलेली, दोघांपुरती, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी स्पोर्ट्स कार. भोंग्याचा बाबा शोरूममध्ये सेल्समन होता. मागच्या गल्लीतले हृदयाचे डॉक्टर दुपारी गाडी बघायला येणार होते. इंजिनाचा आवाज आपल्याला ऐकायचाच नाही, गाडी नुसत्या बॅटरीवर पळवून दाखवा, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. म्हणून बॅटरी काठोकाठ भरून आणलेली. ही गाडी खपली नाही तर तुला पुन्हा तळघरात सुट्या भागांच्या काउंटरवर बसवतो, असं साहेब हसत हसत म्हणाले होते. साहेब जे हसत म्हणायचे ते खरंच करायचे.

"पाच मिनिटांत झोपेल ती," भोंग्याची आई म्हणाली. "नाहीतर या रडारडीत तू विकणार काय?"

मुद्दा बिनतोड होता. भोंग्याची खुर्ची लाल गाडीत बसवली, बाबाने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

"चालू कर की," पायरीवरून आजी म्हणाली.

"चालूच आहे, आई."

"मग बोलत का नाही?"

बॅटरी भरलेली असली की इंजिन झोपून असतं, हे त्याने समजावून सांगितलं. इंजिन झोपलंय आणि पोरगी जागी, हे आजीला अगदीच उफराटं वाटलं. शेवटी त्याने 'स्पोर्ट'चं बटण दाबलं. इंजिन उठलं ते डरकाळी फोडतच. झाडावरची पाखरं उडाली, समोरच्यांनी खिडकी लावून घेतली आणि भोंग्याने वरची पट्टी धरली. त्याने घाईघाईने बटण बंद केलं. बॅटरी संपत आली की इंजिन आपणहून हळूच सुरू होतं आणि नुसतं गुणगुणत राहतं, एवढं त्याच्या तोंडून निसटलं आणि तिथेच घात झाला.

"मग संपव ना बॅटरी," बायको म्हणाली.

दिवे लावले, एसी लावला, सीटा तापवल्या, काचा खालीवर केल्या. बॅटरी ढिम्म. मग आजीला डिकीत प्लग दिसला. सहलीला गेल्यावर बाहेर दिवाबिवा लावायची ती सोय होती. आजी घरात गेली ती इस्त्री आणि टेबल घेऊनच बाहेर आली.

शर्ट झाले, चादरी झाल्या, दुपटी झाली. उशांच्या अभ्र्यांवर इस्त्री फिरत असताना गाडीच्या पोटातून मऊ घुरघुर सुरू झाली. भोंग्याने एक उसासा टाकला आणि डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांकडे तिघंही भक्तिभावाने बघत राहिले.

पण इंजिन चाललं की ते बॅटरी भरतं, आणि बॅटरी जरा भरली की ते पुन्हा गप्प होतं. इस्त्री थांबली की इंजिन थांबणार आणि इंजिन थांबलं की भोंगा वाजणार. आजी टॉवेलांकडे वळली.

तेवढ्यात डॉक्टर आले. रात्रभर ऑपरेशन करून त्यांचे डोळे तांबारले होते. लाल स्पोर्ट्स कारच्या मागे वाफाळती इस्त्री, बाजूला कपड्यांची चळत आणि पुढे ओठांवर बोट ठेवलेला सेल्समन, एवढं सगळं बघून ते क्षणभर थांबले. बाबाने कुजबुजत विनंती केली की तुम्ही नुसतं आत बसून बघा, तोवर बाळ... डॉक्टरांना घरी नातवंडं असावीत. त्यांनी मान डोलावली, कोट काढला आणि ते बसले. आजीने कोट हातातून घेतला आणि इस्त्रीखाली घातला.

"बॅटरीवर किती पळते हो ही?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. बाबा कसंतरी गुळमुळीत उत्तर देत होता, पण ऐकायला कुणी नव्हतंच. तापलेल्या सीटवर डॉक्टरांची मान कलली होती. थोड्याच वेळात ते घोरू लागले, आणि त्या घोरण्याने भोंगा जागी झाली.

ती रडली नाही. डॉक्टरांच्या नाकाकडे टक लावून हसली आणि त्याला हात लावायला वाकली. आईने तिला अलगद उचललं, छातीशी धरलं आणि तिच्या कानात हळूच म्हटलं, "शू, काका झोपलेत."

आता भोंगा कडेवर खेळत होती आणि डॉक्टरांना जाग येऊ नये म्हणून आजी रुमालांना इस्त्री करत होती. बाबा घामाघूम झाला होता. अखेर शेवटचा रुमालही संपला. बॅटरी जराशी भरली आणि इंजिन गप्प झालं.

त्या शांततेने डॉक्टर दचकून उठले.

बाबाने सगळं कबूल केलं. बॅटरी आपणच संपवली, इंजिन मुद्दाम चालू ठेवलं, आणि नुसत्या बॅटरीवर आता गाडी कोपऱ्यापर्यंतही जाणार नाही. बोलताना त्याला तळघरातलं काउंटर दिसत होतं.

डॉक्टरांनी तोंडावरून हात फिरवला. "कित्येक दिवसांत अशी झोप लागली नव्हती," ते म्हणाले. "घेतो ही."

"डॉक्टर, निदान एकदा चालवून तरी बघा."

"म्हणजे ही चालतेसुद्धा?" डॉक्टरांनी सीट आणखी मागे केली. "ते नंतर बघू. आधी तुमचं ते इंजिन सुरू करा."

आजी पडदे काढायला आत गेली.