गाण्याच्या आधीचं

आमच्या बियाण्याच्या कारखान्यात एखादं यंत्र खडखडायला लागलं की फिटर आधी यंत्राकडे जात नाही, साळवेकाकांच्या टेबलाकडे जातो. काकांनी मान हलवून "माझं न्हाई" म्हटलं, की मगच तो पाना घेऊन बी चाळणाऱ्या ग्रेडरकडे वळतो. एकदा त्याने अर्धा ग्रेडर खोलून ठेवला, बेअरिंगचे सगळे छर्रे पुसून पाहिले, आणि आवाज येत होता काकांच्या छोट्या स्पीकरमधून. तेव्हापासून ही रीत पडली.

काका आमच्या गोदामाचे प्रमुख. मूळचे हसनाबादचे, पण नोकरीची सगळी वर्षं जालन्यातच गेलेली. मी तिथल्या प्रयोगशाळेत बियाण्याची उगवण तपासते. आमच्या भिंतीपलीकडे सळयांची मिल आहे, तिचा दणदणाट दिवसभर चालू असतो. त्यात काकांचं संगीत मिसळलं की कुठलं कोणतं हे देवालाही सांगता येणार नाही. मी त्यांना कितीदा सांगितलं, कानात घालायचं घ्या, शंभर ठिकाणी मिळतं. तर म्हणाले, "मॅडम, कानात घालून बसलो आन् शेडमधी आग लागली तर?"

'तर' हा काकांचा आवडता शब्द. त्यांच्या पिशवीत दोन टॉर्च असतात, एक बंद पडला तर म्हणून. सेल मात्र वेगळ्या डबीत, टॉर्चमध्ये फुटले तर म्हणून. त्यामुळे लाइट गेली की काका अंधारात सेल चाचपडत बसतात आणि आम्ही मोबाइलच्या उजेडात त्यांना शोधून देतो. माझ्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा त्यांनी मुलगा काय करतो हे विचारलं नाही. हॉलला मागून दुसरं दार आहे का, एवढंच विचारलं. मला तेव्हा राग आला होता. मग लग्नात पाहिलं तर खरोखरच मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, आणि एकेका म्हाताऱ्या माणसाला आपल्या शेजारी बोलावून बसवत होते.

तर हा माणूस ऐकत होता 'उलटा पंखा' नावाच्या बँडला. पुण्याची चार तरुण मुलं. एक जण गिटारवर व्हायोलिनचा गज घासतो, एक जण घरावरचे पत्रे वाजवतो, एक जण मिक्सर सुरू करून माइकजवळ धरतो आणि एक मुलगी मध्येच काहीतरी कुजबुजते. कुकर लावावा, डाळभात होऊन जेवून उठावं, तरी गाणं तेच. ही मुलं वर्षभर देशभर दौऱ्यावर असतात. एकच गाणं दोन गावांत कधी सारखं वाजवत नाहीत, म्हणून त्यांचे चाहते प्रत्येक कार्यक्रम फोनवर उतरवून घेतात आणि एका ग्रुपवर एकमेकांना देतात. त्या ग्रुपवर आमचे काका. नावाच्या जागी नुसतं 'जालना' लिहिलेलं.

काकांनी दौऱ्यातला एकही कार्यक्रम सोडला नव्हता. कोची, इंदूर, गुवाहाटी, सगळं त्यांच्याकडे होतं. आणि ठेवलं कुठे, तर आमच्या नमुना खोलीत. विकलेल्या प्रत्येक लॉटमधलं थोडं बियाणं आम्ही त्या थंड, कोरड्या खोलीत जपून ठेवतो, उद्या कोणी तक्रार घेऊन आलं तर दाखवायला. कारखान्यातली सगळ्यांत सुरक्षित जागा तीच. तिथे मक्याच्या आणि कपाशीच्या पाकिटांशेजारी काकांचा बिस्किटांचा डबा, आत हार्डडिस्क, आणि डब्यावर आमचंच लेबल : वाण उलटा पंखा. मधूनमधून एखादी डिस्क काढून ऐकायचे. कशाला म्हटलं तर म्हणायचे, "उगवण बघून राह्यलो."

ग्रुपवरचे निरोप ते माझ्याकडून लिहून घेत. निरोप नेहमी एकच : फार छान, पण सुरुवात कापू नका, गाण्याच्या आधीचं सगळं जसंच्या तसं पाठवा. बंगळूरच्या एका मुलाने यावर भलामोठा लेख लिहिला. जालन्याच्या अंकलनी आपल्याला शिकवलं की खरं संगीत संगीताच्या आधी सुरू होतं, असं काहीसं. मग सगळे काकांना उस्ताद म्हणू लागले. मी वाचून दाखवलं तर काकांचा चेहरा पडला. "उस्ताद म्हणून राह्यले. काही परीक्षा-बिरीक्षा घेतली तर?"

बँडची काळजी तर विचारूच नका. पत्रे वाजवणाऱ्याने मनगटाला पट्टी बांधलेली फोटोत दिसली, तर यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांची गाडी घाटातून जाणार असली की हे इथे बसून तिकडचं हवामान बघणार. मला वाटायचं, या वयात माणसाला हा कसला नाद लागावा?

एका दुपारी लाइट गेली. आमची यंत्रं थांबली, पलीकडची मिलही थांबली. एरवी कधी नसते अशी शांतता झाली आणि काकांचा स्पीकर मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. लोकांची कुजबुज, खुर्च्या सरकल्याचे आवाज, आणि मग माइकवर एक मुलगा : "चेक. चेक. हां, थोडं कमी कर. चेक." काकांनी ते मागे नेऊन परत लावलं. मग परत.

"आवाज बसल्यासारखा वाटून राह्यला ना, मॅडम? सर्दी असंन."

"कोणाला?"

"आमच्या निखिलला."

निखिल त्यांचा एकुलता एक. काकूंच्या माघारी काकांनीच वाढवलेला. डिप्लोमा झाल्यावर काकांनी दहा जणांच्या हातापाया पडून त्याला पलीकडच्या मिलमध्ये चिकटवला होता. त्याने थोडे दिवस केलं आणि साउंडचं काम करायला या बँडबरोबर निघून गेला. निघताना काका रागात म्हणाले होते, गेला तर फोनसुद्धा करू नको. पोराने आयुष्यात पहिल्यांदा बापाचं ऐकलं.

"आणि गाणी?" मी विचारलं.

"गाण्यानं डोकं दुखतं हो. पन दोन गाण्याच्या मधी तो कधी कधी एखादा शब्द बोलतो. त्याच्यासाठी समदं ऐकावं लागतं."

पत्रे, मिक्सर आणि गिटारवरचा गज हा माणूस रोज मुकाट्याने सोसत होता, पोराचा एखादा शब्द निसटू नये म्हणून. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला, दोघांचाही. "मग फोन करा ना," मी म्हटलं. "उचलला न्हाई तर?" ते म्हणाले आणि लाइट आली.

पावसाळ्याच्या शेवटी काकांना नमुना खोलीत मक्याच्या पाकिटावर एक सोंडकिडा दिसला. एकच. दुसरा कोणी असता तर चपलेने चिरडून मोकळा झाला असता. काकांची झोप उडाली. आज मक्यात आहे, उद्या डब्यात शिरला तर? त्यांनी मोठ्या गोदामात वापरतात त्या धुरीच्या गोळ्या नमुना खोलीत ठेवल्या, दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, वर धोक्याची पाटी लावली. डबा बाहेर काढून ठेवा म्हटलं, तर म्हणाले, "बाहेर कोनी नेला तर? गोळीनं किडा मरतो, डिस्कला काय होऊन राह्यलं."

दोनदा-तीनदा धुरी दिली. किडे मेले. बियाणं धडधाकट राहिलं. पण गोळ्यांचा तो वायू तांबं खातो हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण बियाण्यात तांबं नसतं. आधी खोलीचा एसी बंद पडला. एसीवाल्याने आतली काळी पडलेली तांब्याची पट्टी दाखवली तेव्हा काका डब्याकडे धावले. एकही डिस्क चालेना. काळजी म्हणून त्यांनी प्रत्येक गोष्टीच्या तीन-तीन प्रती काढल्या होत्या, आणि सर्वांत सुरक्षित जागा म्हणून तिन्ही त्याच डब्यात ठेवल्या होत्या.

काका पोत्यावर बसून राहिले. 'तर' म्हणायलाही काही उरलं नव्हतं. ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं, आणि तेही त्यांच्याच हातून.

मी ग्रुपवर लिहिलं. पोरं चांगली, लगेच धावून आली. सगळे कार्यक्रम परत आले, पण सगळ्यांची सुरुवात कापलेली, मधलं बोलणंही काढून टाकलेलं. न कापलेल्या प्रती आम्ही ठेवल्या नाहीत, त्यांनी कळवलं, त्या उस्तादांकडे जपलेल्या आहेत म्हणून निर्धास्त होतो. मग बंगळूरच्या त्याच मुलाने सुचवलं की साउंडवाला निखिल स्वतःच्या यंत्रावर अगदी पहिल्यापासून सगळं उतरवून घेतो, त्याच्याकडे मागा, स्वभावाने चांगला आहे. खाली नंबर दिला होता. काकांनी तो वाचलाही नाही. त्यांना पाठ होता.

"तुमी मागा मॅडम. लॅबकडून मागितल्यासारखं."

"मी नाही मागणार."

"नंबर बदलला असंन तर? उचलून ठेवून दिला तर?"

"तर दिला," मी म्हटलं. मी जरा कडकच बोलले, पण त्या दिवशी मला त्यांचा 'तर' सहन होत नव्हता.

काकांनी फोन टेबलावर ठेवला, नेहमीप्रमाणे स्पीकरवर. नंबर लावला आणि हात पुसले. एक रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून आवाज आला, "बाबा? काय झालं? तब्येत बरी आहे ना? काही झालं का?"

काळजी या घराण्यात रक्तातच असावी.

"काही न्हाई झालं," काका म्हणाले. "रेकॉर्डिंगचं काम होतं. तुमच्या बँडच्या. गाने नको. गाण्याच्या आधीचं पाहिजे. तू माइक तपासतो ते."

"त्याच्यात काही नसतं बाबा. नुसतं चेक चेक करतो मी."

"तेच पाहिजे. माझ्याकडचं खराब झालं."

"तुमच्याकडचं? तुमी ऐकता ते? कधीपासून?"

"तू गेल्ता तवापासून."

फोन इतका वेळ गप्प राहिला की कट झाला असं मला वाटलं. काकांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते टेबलावर वाकले आणि घाईघाईने बोलले, "न्हाई सापडलं तर राहू दे. काही अडलं न्हाई. तू आता बोल ना. काही पन बोल. मी ऐकून राह्यलो."

मी उठले आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. तिकडून निखिल काय बोलत होता ते आता ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने फक्त काकांचा आवाज आला, "मंग? भाजी कोनती होती?"